मलमलीआडचा बाजा

पारसभाऊ अ‍ॅम्प्लिफायर सुरू करायचे तेव्हा स्टेजवर कोणी बोललेलं त्यांना चालत नसे. ढोलकीवाल्याने ढोलकीला हात लावायचा नाही, निवेदकाने हॅलो हॅलो करायचं नाही, आणि मी मुख्य गायिका असले तरी पदर सारखा करायचा तो बांगड्या न वाजवता. ते गुडघे टेकून मागचं बटण दाबायचे आणि डोळे मिटायचे. मग काहीच होत नसे. समोर लोक शिट्ट्या मारतायत, ऑर्केस्ट्राचे मालक बापू चौधरी पडद्याआडून दातओठ खातायत, आणि हा कापड दुकानदार एका लाकडी खोक्यापुढे देव्हाऱ्यासमोर बसावं तसा बसलेला. शेवटी खोक्याच्या पोटातल्या काचेच्या नळ्या तांबूस व्हायला लागायच्या, बारीक घरघर ऐकू यायची आणि पारसभाऊ डोळे उघडून म्हणायचे, "आला. चला ताई."

"एखाद्या दिवशी नाही आला तर?" मी एकदा विचारलं.

"असं तोंडातून काढू नका," ते म्हणाले. थट्टेत म्हणाले असते तर मी हसले असते. पण त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि महिना पौषाचा होता.

ज्यांच्या घरी व्हॉल्व्हचा, म्हणजे अशाच काचेच्या नळ्यांचा, रेडिओ होता त्यांना यातलं काही समजावून सांगायला नको. तो बटण दाबल्याबरोबर बोलत नसे. आधी तापायचा, मग बोलायचा. पारसभाऊंचा अ‍ॅम्प त्याच कुळातला, फक्त गिटारसाठी केलेला. तोवर जळगावात सगळीकडे ट्रान्झिस्टरचे अ‍ॅम्प आले होते. हलके, कसल्याही व्होल्टेजवर मुकाट चालणारे. बापूंकडे तसे दोन-तीन पडून होते. पारसभाऊ त्यांना 'पावडरच्या दुधाचा चहा' म्हणायचे. नाइलाजाने त्यांच्यावर वाजवावं लागलं, तर घासात खडा लागल्यासारखा चेहरा करून वाजवायचे.

पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. दिवसभर कानाला आवाज चिकटलेले असत, त्यामुळे आवाजातला खरेखोटेपणा मला जरा कळायचा. पारसभाऊ गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारेवरून लोखंडी कांडी सरकवत वाजवायचे. त्या जुन्या अ‍ॅम्पवर त्यांनी एक स्वर धरला की तो माणसाच्या गळ्यासारखा लांबायचा, कडेला किंचित फाटायचा आणि श्वास संपल्यासारखा खाली बसायचा. मी माझी ओळ संपवायची आणि त्यांनी तीच ओळ पुढे न्यायची. कितीदा तरी मला वाटायचं, हा माणूस माझ्यापेक्षा चांगला गातोय. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. आधीच सगळे लाड त्या खोक्याचे चालले होते, त्यात माझी भर कशाला?

पारसभाऊ जैन. आजोबा मारवाडातून आलेले, आणि कापड बाजारात दुकान. घरात मारवाडी, गिऱ्हाइकाशी खानदेशी आणि माझ्याशी अगदी पुस्तकी मराठी बोलायचे. ते पुस्तकीपण शेवटपर्यंत टिकत नसे. सूर्य मावळायच्या आत त्यांचं जेवण झालेलं असे. त्यामुळे कार्यक्रमाच्या गावाला आमची गाडी पोचायला उशीर झाला, तर वाटेत कुठेतरी शेताच्या बांधावर गाडी थांबवून हे डबा उघडून बसलेले, आणि आम्ही बाकीचे त्यांचा मावळता सूर्य बघत उभे. दुकानात त्यांची एक लकब होती. कापड हातात घेतलं की आधी बोटांनी चुरगळायचं, मग तोंडाशी धरून त्यातून फुंकर मारायची आणि दुसऱ्या बाजूला तळहात ठेवून बघायचं. "बाईने शिकवलंय," म्हणायचे. बाई म्हणजे त्यांची आई. त्यांच्यात आईला बाई म्हणतात.

भाव करण्यात तर या माणसाचा हात धरणारा कापड बाजारात कोणी नव्हता. शब्दाने शब्द वाढवायचे नाहीत. माल खाली ठेवायचा, हसायचं आणि चपला पायात सरकवायच्या. सुरतेचे व्यापारीसुद्धा त्या चपलांना घाबरायचे. पण हा अ‍ॅम्प घ्यायला गेले तेव्हा पारसभाऊंनी चपला दाराबाहेर काढल्या आणि ते भावाचं सगळं विसरूनच गेले. ही गोष्ट बापू आयुष्यभर सांगायचे, कारण ते सोबत होते.

अ‍ॅम्प भुसावळचा. रेल्वेतून निवृत्त झालेले एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर होते, पीटर्स साहेब. तरुणपणी नाताळच्या नाचाला गिटार वाजवायचे. तो अ‍ॅम्प त्यांनी विलायतेहून आलेल्या कोणा साहेबाकडून घेतला होता. पारसभाऊंनी तो एका नाताळला ऐकला आणि तेव्हापासून ते पीटर्स साहेबांच्या घरी जाऊन बसायला लागले. विकत मागायची हिंमत होईना. आणि एक दिवस कळलं, साहेब घरदार आवरून परदेशी मुलीकडे निघाले आणि अ‍ॅम्प एका मंडपवाल्याने ठरवलाय. हे दोघं पोचले तेव्हा मंडपवाल्याचा टेम्पो दारात उभा होता आणि अ‍ॅम्प उंबऱ्यापर्यंत आला होता.

पारसभाऊ उंबऱ्याशीच थबकले. पीटर्स साहेबांनी त्यांच्याकडे आणि मंडपवाल्याकडे बघितलं आणि अ‍ॅम्प परत आत न्यायला लावला. म्हणाले, "दोनों बजा के दिखाओ. फिर मैं देखेगा."

मंडपवाल्याने माईक जोडला, बटण दाबलं आणि लगेच ओरडायला लागला. आवाज निघेना म्हणून त्याने खोक्याला दोन थापा मारल्या. तेवढ्यात नळ्या तापल्या आणि त्याचं "हॅलो, माईक टेस्टिंग" साऱ्या आळीला ऐकू गेलं. पारसभाऊंनी गिटार जोडली. एकच स्वर वाजवला. तो वाजत राहिला, विरत गेला, पार संपला, तरी त्यांनी दुसरा वाजवला नाही. बापूंनी त्यांना चिमटा काढला म्हणे, "अहो, वाजवा काहीतरी!" पीटर्स साहेब मात्र डोळे मिटून बसले होते. मग त्यांनी जो आकडा सांगितला तो पारसभाऊंनी तसाच कबूल केला. चपलांकडे बघितलंसुद्धा नाही.

निघताना साहेबांनी कापसात गुंडाळलेला व्हॉल्व्हचा एक जादा जोड दिला आणि म्हणाले, "इसको जल्दी मत करना. पहले गरम होने दो, फिर बात करो. और ये जोड गया तो दूसरा नहीं मिलेगा." पारसभाऊंनी पहिलं वाक्य मंत्रासारखं पाळलं. दुसरं त्यांनी ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. नवी नवरी घरी आणताना तिच्या म्हातारपणाचा विचार कोण करतो?

खरी परीक्षा घरीच होती. ते दिवस आषाढाचे. पारसभाऊंनी माडीवर अ‍ॅम्प मांडला, संध्याकाळी खिडक्या उघड्या टाकल्या आणि भान हरपून वाजवत बसले. सकाळी बाई केर काढायला आल्या, तर खोक्याच्या मागे पंखच पंख. तांबड्या उजेडाला भुलून पाकोळ्या, चिलटं, पंखवाल्या मुंग्या आत गेल्या होत्या आणि तापलेल्या काचेवर भाजून खाली पडल्या होत्या. बाईंनी मऊ लोकरीच्या पुंजणीने ते पंख हलक्या हाताने गोळा केले. रागावल्या नाहीत. नवरा तरुणपणीच गेलेला, दुकान स्वतः उभं केलेलं. त्या बाईला आवाज चढवायची गरजच पडत नसे. एवढंच म्हणाल्या, "जीव बळे, अन् तू गाणं वाजवे? म्हाने कोनी सुणणो."

जीव जळतायत आणि तू गाणं वाजवतोस? मला नाही ऐकायचं. झालं. त्या दिवसापासून बाईंनी मुलाची गिटार ऐकली नाही. गंमत अशी, की पारसभाऊंनी गिटार हातात घेतली ती बाईंमुळेच. लहानपणी बाई पहाटे एक स्तवन म्हणायच्या. ती चाल तारेवर वाजते का बघावं, म्हणून मामाकडून आणलेल्या मोडक्या गिटारीवर सुरुवात झाली होती. आणि आता तो स्वर जसा हवा तसा काढणारं यंत्र घरात आलं, तर ऐकणारीने कान फिरवले.

पारसभाऊ वाद घालणारे नव्हते. घरी वाजवणं बंद केलं. चातुर्मासात, म्हणजे किडे उसळतात त्या पावसाळ्याच्या चार महिन्यांत, तर अ‍ॅम्पला हातच लावायचा नाही असा नेम केला. आषाढात खोकं बंद व्हायचं ते कार्तिकी पौर्णिमेनंतर उघडायचं. आता कोणत्याही ऑर्केस्ट्रावाल्याला विचारा, त्याचे कमाईचे दिवस कोणते? गणपती आणि नवरात्र. दोन्ही नेमके चातुर्मासात. बापूंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"भो, सगळा खानदेश गणपतीत नाचतो, अन् तुम्ही काय दिवा मालवून बसून राह्यले?" बापू दुकानात येऊन ओरडले.

"तुमच्या डब्यावर वाजवतो ना, बापू. गैरहजर नाही राहत."

"लोक तो आवाज मागून राह्यले! साक्रीचे मंडळवाले म्हणे, मागच्या खेपेचा रडणारा गिटार आणा."

"लोकांना सांगा, गिटार कार्तिकानंतर रडेल," पारसभाऊ म्हणाले आणि समोरच्या गिऱ्हाइकाला लट्ठा दाखवायला लागले. मला हसू आलं, पण बापूंना नाही. ते मला बाजूला घेऊन म्हणाले की दुसरा गिटारवाला बघतोय. बघत राहिले, सापडला नाही.

त्यानंतर पारसभाऊंच्या डोक्यात मलमल शिरली. खोक्याच्या मागे कापडाचा पडदा लावायचा. किडा आत जाता कामा नये आणि गरम हवा बाहेर आली पाहिजे. दुकानातलं एकेक ठाण उतरवून ते फुंकर मारून बघायचे. दाट विणीचं घेतलं तर हवा कोंडते, विरळ घेतलं तर चिलट घुसतं. "हवा गेली पाहिजे, जीव नाही," हे त्यांचं वाक्य आम्हाला पाठ झालं होतं. मी चिडवायची, "पारसभाऊ, बाळाचं झबलं शिवताय का?" ते गंभीरपणे सांगायचे, "झबल्याला चालेल ती वीण इथे नाही चालत, ताई."

पहिला पडदा शिवला तो नाडी ओढून खोक्याला घट्ट बसणारा. तो घेऊन आम्ही हिवाळ्यात भडगावला गेलो. गिरणेच्या काठी कार्यक्रम, मैदान भरलेलं. शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की तिथलं व्होल्टेज पडायचं, बंद झाल्या की एकदम चढायचं. मी गात होते. कडव्याच्या मध्येच करपल्याचा वास आला. वळून बघते तर मलमलीवर तपकिरी डाग पसरत चाललेला, आणि बघता बघता त्याला जीभ फुटली. लोकांनी आरडाओरडा केला. बापू पाण्याची घागर घेऊन धावले. पारसभाऊ गिटार टाकून उठले, दोन्ही हात पसरून खोक्यापुढे उभे राहिले आणि ओरडले, "पाणी नको! काच फुटेल!" त्यांचा चढलेला आवाज मी तेवढा एकदाच ऐकला. बापू घागर उचलून तसेच थिजले. पारसभाऊंनी जळता पडदा नुसत्या हातांनी ओढून काढला, पायाखाली विझवला आणि मग त्या भाजलेल्या हातांनी बटण बंद केलं. अ‍ॅम्प वाचला. त्यांच्या तळहातांना टरारून फोड आले होते. मला म्हणतात, "कापड चुकलं नव्हतं. अंतर चुकलं."

मग सुताराकडून लाकडी चौकट करून घेतली. तिच्यामुळे पडदा खोक्यापासून वीतभर लांब राहायचा, खाली नाडीने गाठ. हात बरे झाल्यावर पुढच्या सगळ्या हंगामात एकही किडा आत गेला नाही आणि कापडही करपलं नाही. तरी चातुर्मासाचा नेम मोडला नाहीच.

आणि एका हिवाळ्यात त्यांनी तो बाजा बाईंसमोर आणून ठेवला. मी तेव्हा त्यांच्या घरी होते, बाईंसाठी माझ्या आईने पाठवलेले नागलीचे पापड द्यायला गेले होते. बाईंचे डोळे मोतीबिंदूने गढुळले होते. त्यांनी मलमलीवरून बोटं फिरवली, चौकटीचे चारही कोपरे चाचपले, नाडीची गाठ ओढून पाहिली. मग तोंड जवळ नेऊन कापडातून फुंकर मारली. पारसभाऊ श्वास रोखून उभे. मोठ्या पेढीवर नापास होणारा माल घेऊन आलेल्या विणकरासारखी त्यांची अवस्था होती.

"ठीक," बाई म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "धुळ्याला सुणूं."

धुळ्याला बाईंच्या भावाच्या नातीचं लग्न होतं, वैशाखात. पारसभाऊ मला जिन्यापर्यंत सोडायला आले ते माझे पापड हातात तसेच घेऊन. मला बरं वाटलं, आणि थोडा हेवाही वाटला. माझं गाणं ऐकायला कोणी इतकी वर्षं रुसून बसलं नव्हतं.

पण माणसाचं नशीब असं, की बाई राजी झाल्या आणि अ‍ॅम्प रुसला. पीटर्स साहेबांनी दिलेला जादा जोड तोवर कधीच आत गेला होता. त्यातला एक व्हॉल्व्ह पेटेनासा झाला. पेन्सिलीने टिचकी मारली की कधी पेटायचा, कधी नाही. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने सांगितलं, "भाऊ, याच्या आतली तार सुटत आली. गरम आहे तोवर चालेल. एकदा थंड झाला की परत पेटेल याचा भरोसा नाही." पारसभाऊ मुंबईच्या जुन्या बाजारात हिंडून आले. रेडिओचे व्हॉल्व्ह मिळाले, या जातीचा मिळाला नाही. वैशाखापर्यंत त्यांनी अ‍ॅम्पला हात लावला नाही. सगळे कार्यक्रम पावडरच्या दुधावर काढले. त्या व्हॉल्व्हमध्ये जो काही जीव उरला होता तो त्यांना धुळ्यासाठी ठेवायचा होता.

लग्नाच्या दिवशी आम्ही धुळ्याला पोचलो तेव्हा ऊन रणरणत होतं. कार्यक्रम दिवेलागणीला. पण पारसभाऊंनी दुपारीच अ‍ॅम्प स्टेजवर मांडला, म्हणाले, "पेटायला वेळ लागला तर?" बटण दाबलं. एक व्हॉल्व्ह उजळला. दुसरा काळाच. त्यांनी बंद केला, थांबले, पुन्हा दाबला. नाही. पडद्याची गाठ सोडून आत हात घातला, पेन्सिलीने टिचकी मारली. नाही. मंडपात जेवणाच्या पंगती चालल्या होत्या, कोणी हाका मारत होतं, आणि हे तिथे ओणवे होऊन पुन्हा पुन्हा टिचकी मारतायत. मी शेजारी उभी राहून मनात गणपतीला हात जोडत होते. त्यांच्या देवाला काय म्हणायचं ते मला ठाऊक नव्हतं. आणि कधीतरी एकदम दुसऱ्या नळीच्या पोटात तांबडा ठिपका दिसला. तो वाढला. पारसभाऊंनी पडदा हळूच खाली सोडला आणि तिथेच फतकल मारून बसले.

मग ते जागचे हलले नाहीत. अ‍ॅम्प चालूच ठेवला. सूर्य मावळायच्या आधी त्यांचं ताट स्टेजवर आणून दिलं मी. "आता फक्त टिकू दे," एवढंच म्हणाले.

दिवेलागणीला बाईंना आणून पुढच्या खुर्चीवर बसवलं. पांढरं लुगडं, मान किंचित तिरकी, चांगला कान स्टेजकडे. पारसभाऊंनी कोणतंही गाणं वाजवलं नाही. थेट ती पहाटेची चाल धरली. पहिल्या स्वरालाच बाईंची तिरकी मान स्थिर झाली. मंडपात मुलं पळत होती, बायका बोलत होत्या, पण हळूहळू सगळे गप्प होत गेले. इतकं चांगलं त्यांना वाजवताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं. मी त्यांच्या उजव्या हाताला, जरा मागे माईक घेऊन बसले होते, आणि त्यामुळेच मला ते दिसलं.

मलमलीवर सावली हलत होती. आतल्या तांबड्या उजेडात पंखांची एक मोठी सावली फडफडत वर जायची, खाली यायची. खाली बघितलं तर नाडीचं एक टोक लोंबकळत होतं. दुपारी टिचक्या मारायला सोडलेली गाठ व्हॉल्व्ह पेटल्याच्या आनंदात बांधायची राहिली होती. पारसभाऊंची गाठ, आणि सुटी राहावी!

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी सावली पाहिली होती. कांडी तारेवरून सरकत होती, चाल पुढे जात होती, पण नजर तिथे खिळलेली. अजून अर्धं स्तवन बाकी होतं. समोरच्या कोणालाही खोक्याची मागची बाजू दिसत नव्हती. बाईंना तर समोरचाही माणूस नीट दिसत नव्हता. मी मानेनेच त्यांना खुणावलं, राहू द्या. एक पाकोळी आहे. वाजवा. खरंच सांगते, त्या क्षणी मी हजार पाकोळ्यांवर पाणी सोडलं असतं.

त्यांनी एकदा आईकडे पाहिलं. मग डावा हात मागे गेला आणि बटण बंद झालं.

व्हॉल्व्हचा आवाज एकदम तुटत नाही. तो स्वर वाजत राहिला, बारीक होत गेला, आणि त्याच्याबरोबर मलमलीमागचा उजेडही. मंडपात गलका झाला. कोणीतरी धुळेकर पाहुणा ओरडला, "काय व्हयनं हो? बठ्ठा लाईट तं चालू शेतस, बाजाच कसा बंद पडना?" सगळे दिवे चालू असताना बाजाच बंद कसा, हे कोणाला कळेना. बापू धावत आले. पारसभाऊंनी पडदा वर केला, ओंजळ आत घातली आणि पाकोळी बाहेर काढली. जिवंत होती. त्यांनी ओंजळ उघडली, ती उडाली आणि सरळ मंडपाच्या खांबावरच्या मोठ्या हॅलोजनकडे गेली. पुढचं मी बघितलं नाही. मला इतका संताप आला होता की डोळ्यात पाणी आलं.

त्यांनी गाठ बांधली. बटण दाबलं. एक व्हॉल्व्ह उजळला. टिचकी मारायला त्यांनी पेन्सिल घेतली आणि परत खिशात ठेवली. त्यांना कळलं होतं. तसेच आले आणि गिटार मांडीवर घेऊन बसले. वाजवायला लागले. कशाला जोडलेली नसलेली ती गिटार, माझ्याशिवाय कोणाला ऐकू जाणार? मी सरकत पुढे झाले आणि माझा माईक त्यांच्या तारांजवळ धरला. भोंग्यातून एक किरकिरा, बारीक आवाज निघाला. कांडी तारेवर घासल्याचं सगळं ऐकू येत होतं. स्वर लांबत नव्हता, उगवल्याबरोबर मरत होता. त्या आवाजात त्यांनी उरलेलं स्तवन पुरं केलं. माझा हात भरून आला होता, पण मी तो खाली घेतला नाही.

नंतर आम्ही बाईंजवळ गेलो. पारसभाऊ वाकले. बाईंनी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "बीच में काई हुयो?"

"कुछ कोनी, बाई. मशीन थकलं."

बाई म्हणाल्या, "पाछे बारीक बजायो, वो चोखो." नंतर बारीक वाजवलंस ते चांगलं. "पहला बहोत मोठा था."

मी पारसभाऊंकडे बघायचं धाडस केलं नाही. विलायतेचा तो बाजा, ते भाजलेले हात, ती सगळी ठाणं, आणि बाईंना आवडला तो माझ्या माईकमधला किरकिरा आवाज! क्षणभराने पारसभाऊंचं हसणं ऐकू आलं. आधी बारीक, मग पोट धरून. बाईंनाही हसू आलं, कशाचं ते न कळता. मग मीही हसले. परत जळगावला येताना मात्र पारसभाऊ गाडीत अख्खा वेळ खोक्यावर हात ठेवून बसले होते.

पुढे बाई गेल्या. ऑर्केस्ट्राही मोडला, एका की-बोर्डात सगळी वाद्यं निघायला लागल्यावर बापूंनी माणसं कमी करत आणली. मी लग्न होऊन नाशिकला आले. माहेरी गेले की त्यांच्या दुकानात डोकवायची, पण तेही हळूहळू कमी झालं.

शेवटचे मला ते दिसले एका नवरात्रात. माझ्या बहिणीला बाळ झालं होतं, झबल्यांसाठी मलमल हवी होती. दुकानात गेले तर केस पांढरे झालेले पारसभाऊ तसेच फुंकर मारत उभे. मागे फळीवर ते खोकं. त्यावरचा पडदा मात्र कोरा करकरीत होता.

"हे नवीन?" मी विचारलं.

ते आत गेले आणि एक पुठ्ठ्याचं खोकं घेऊन आले. कापूस बाजूला केला. आत दोन काचेच्या नळ्या. पीटर्स साहेब वारल्यावर त्यांच्या मुलीला जुन्या सामानात सापडल्या होत्या. हा पत्ता शोधून तिने पाठवल्या.

"मग? पेटवला का?" मी जवळजवळ ओरडलेच.

"नाही."

"केव्हा आल्यात या?"

"श्रावणात."

श्रावणापासून हा माणूस त्या नळ्या कपाटात ठेवून रोज दुकान उघडत होता. ज्यांच्यासाठी नेम केला त्या बाई आता नव्हत्या. पडदा नवा, चौकट भक्कम, एक चिलटसुद्धा आत जाणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, "अहो पारसभाऊ, आता कोण विचारणार आहे तुम्हाला? लावा की! मला ऐकू तरी द्या."

"चातुर्मास आहे, ताई," ते म्हणाले. नळ्या पुन्हा कापसात गुंडाळल्या. माझी मलमल कापून घडी घातली आणि माझ्या हातात दिली. मी पायऱ्या उतरले तेव्हा त्यांनी मागून हाक मारली.

"कार्तिकी पौर्णिमेनंतर या, ताई. आणि येताना माईक घेऊन या."

"माईक कशाला आता?"

"हा नाही पेटला तर?" ते म्हणाले, आणि त्यांच्या कपाळावर तोच जुना घाम होता.